गाडीतला आपल्यासाठीचा फिल्टर

गाडीत ढोबळमानाने चार फिल्टर असतात. त्यांपैकी तीन इंजिनाच्या दिमतीला असतात: एक ऑइल गाळतो, एक इंधन गाळतो आणि एक इंजिनात जाणारी हवा गाळतो. चौथा, म्हणजे केबिन फिल्टर, गाडीत बसणाऱ्या माणसांसाठी असतो आणि नेमकी त्याचीच आबाळ होते. पहिल्या तिघांकडे दुर्लक्ष झाले तर गाडी कुरकुर करते, ॲव्हरेज घसरते, कधी भर रस्त्यात बंद पडते. केबिन फिल्टर गच्च भरला तरी गाडी तितक्याच जोमाने पळत राहते. त्रास होतो तो आत बसलेल्यांच्या नाकाला, डोळ्यांना आणि छातीला, आणि त्याचा संबंध डॅशबोर्डमागे दडलेल्या चुणीदार कापडाशी असेल हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

आमच्या घरी हा विषय आईच्या दम्यामुळे निघाला. सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचे काम चालू होते त्या काळात तिला दवाखान्यात नेताना काचा बंद आणि एसी चालू असूनही तिला खोकल्याची उबळ येत असे, आणि ब्लोअर वाढवला की ती जास्तच येत असे. तेव्हा फिल्टर काढून पाहिला आणि तेव्हापासून तो मी घरीच बदलते. आमच्या गाडीत या कामाला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. ज्यांनी ग्लव्ह बॉक्सच्या मागे कधी डोकावून पाहिलेले नाही, त्यांना हे काम नीट समजून करता यावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी हवेची वाट लक्षात घेतली पाहिजे. समोरच्या काचेच्या तळाशी, वायपर जिथे बसवलेले असतात तिथे, काळ्या प्लास्टिकची जाळी असते. बाहेरची हवा गाडीत येते ती या जाळीतून. ब्लोअर ती ओढतो, वाटेत ती फिल्टरमधून जाते, मग एसीच्या कूलिंग कॉइलवरून आणि शेवटी आपल्या तोंडासमोरच्या झडपांमधून बाहेर पडते. बहुतेक गाड्यांत फिल्टरची जागा अशी असते की आतली हवा आतच फिरवण्याचे बटण दाबले तरी ती हवासुद्धा फिल्टरमधूनच जाते. म्हणजे बाहेरची असो वा आतली, एसीची प्रत्येक झुळूक या एका तुकड्यातून गाळून येते. तो चोंदला की हवा कमी येते, आणि ब्लोअर चारवर ठेवूनही दोनसारखा वाटू लागतो. अनेक जण मग एसीचा गॅस संपला असे समजून गॅस भरायला जातात. गॅस तपासण्याआधी फिल्टर पाहावा. त्याला पैसे पडत नाहीत.

फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी नव्हे, हे समजले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो आणि आपल्या फुप्फुसात खोलवर उतरणारे कण २.५ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. एवढे बारीक कण अडवण्यासाठी तेवढीच बारीक छिद्रे ठेवली तर ब्लोअरला हवाच ओढता येणार नाही. म्हणून फिल्टरच्या कापडात कृत्रिम धाग्यांचे विस्कटलेले जाळे असते. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि धाग्यांवर आदळून अडकतात. अगदी सूक्ष्म कण सैरावैरा भरकटत जाऊन धाग्यांना चिकटतात. आणि अनेक फिल्टरांमध्ये या धाग्यांना कारखान्यातच स्थिर विद्युतभार दिलेला असतो, जो मधल्या आकाराचे कण स्वतःकडे खेचून घेतो. सर्वांत अवघड कण असतात ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, कारण ते ना नीट आदळतात ना नीट भरकटतात.

आता गॅरेजमधली एक सर्रास चालणारी रीत पाहू. फिल्टर काढायचा, कॉम्प्रेसरची हवा मारायची, ढगभर धूळ उडवायची आणि तोच परत बसवायचा. मलाही एका गॅरेजमध्ये ‘एकदम नव्यासारखा झालाय’ असे सांगून जुनाच फिल्टर बसवून दिला होता. वरवर तो खरोखर स्वच्छ दिसतो. परंतु जोराच्या हवेने धाग्यांचे जाळे जागोजागी फाटते आणि विस्कटते, धाग्यांना घट्ट चिकटलेली काजळी तशीच राहते, आणि फाटलेल्या जागेतून हवा सोयीस्करपणे न गाळता निघून जाते. साबणाच्या पाण्याने धुणे त्याहून वाईट, कारण धाग्यांवरचा विद्युतभार साबणामुळे नाहीसा होतो आणि नेमके जे सूक्ष्म कण अडवायला हवेत त्यांनाच वाट मोकळी होते. ओला फिल्टर पूर्ण वाळला नाही तर त्यावर बुरशी धरते ती वेगळीच. धुण्याजोगा म्हणून विकलेला फिल्टर असेल तर गोष्ट निराळी. एरवी फिल्टर हलकेच झटकून वरची पाने आणि किडे काढण्यापलीकडे काही करू नये; तो बदलायचा असतो.

दुकानात गेलात की साधारण दोन प्रकार समोर येतात. पांढरा फिल्टर फक्त कण अडवतो. करडा-काळा असतो त्यात सक्रिय कार्बनचा थर असतो, आणि तो कणांबरोबर काही वायू व वास शोषून घेतो. ट्रकच्या मागे अडकल्यावर येणारा धुराचा दर्प, नाल्याजवळची दुर्गंधी यांत फरक जाणवतो. कार्बनची शोषण्याची क्षमता मात्र संपणारी असते आणि ती संपली हे डोळ्यांना दिसत नाही, नाकालाच कळते. आणखी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे: कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू यांपैकी कोणताही फिल्टर अडवत नाही. बंद गॅरेजमध्ये किंवा बंद तळघरात इंजिन चालू ठेवून एसीत बसणे महागातला महागडा फिल्टर असला तरी जिवावर बेतू शकते.

हल्ली अनेक खोक्यांवर ‘हेपा’ असे ठळकपणे छापलेले असते. खऱ्या हेपा फिल्टरची व्याख्या कडक आहे, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण त्याने अडवले पाहिजेत. इतके दाट कापड हवेला विरोधही तितकाच करते, आणि छोट्या गाडीचा ब्लोअर त्या विरोधाचा विचार करून बनवलेला नसतो. म्हणून पातळ, चारच चुण्यांच्या स्वस्त फिल्टरवर तो शब्द दिसला तर मी तो खाली ठेवते. मोटारींच्या केबिन फिल्टरांची चाचणी कशी घ्यावी यासाठी आयएसओ १११५५ हे मानक आहे. त्यानुसार कोणत्या आकाराचे किती कण अडतात याचा आकडा जो उत्पादक देतो तो मला अधिक विश्वासार्ह वाटतो. आकडा मिळाला नाही तर चुण्या मोजाव्यात. एवढ्याच चौकटीत चुण्या जास्त असतील तर कापड जास्त, कापड जास्त असेल तर हवा सावकाश जाते आणि फिल्टर उशिरा भरतो.

आता प्रत्यक्ष काम. आमची गाडी ह्युंदाईची ग्रँड आय टेन आहे, त्यामुळे तिचेच सांगते. अनेक गाड्यांत जागा हीच असते, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरच्या ग्लव्ह बॉक्सच्या मागे. परंतु काही गाड्यांत ती पायांजवळ असते, आणि काही जुन्या, कमी किमतीच्या मॉडेलांत कंपनीने फिल्टर दिलेलाच नसतो, खाच आणि झाकण असते पण आत मोकळी जागा असते. गाडीबरोबर आलेले पुस्तक आधी उघडावे. त्यात या कामाचे चित्र असते आणि ते चित्र कोणत्याही व्हिडिओपेक्षा भरवशाचे असते.

गाडी सावलीत उभी करून बंद करावी. ब्लोअर बंद आहे याची खात्री करून घ्यावी, कारण आमच्या गाडीत फिल्टर ब्लोअरच्या वर आडवा बसतो आणि फिल्टर काढल्यावर सुटलेले पान थेट खाली पंख्यात जाऊ शकते. ग्लव्ह बॉक्स रिकामा करावा. तो उघडला की आतल्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर प्लास्टिकचे एकेक अटकाव दिसतात. ते फिरवून बाहेर ओढले की निघतात. एका बाजूला ग्लव्ह बॉक्स हळू उघडावा म्हणून जोडलेली दांडी किंवा दोरी असते, ती सोडवावी. मग ग्लव्ह बॉक्स पुरता खाली लोंबतो आणि मागे काळ्या पेटीवर एक आडवे, अरुंद झाकण दिसते. त्याच्या कडेचा खटका दाबला की झाकण सुटते. थंडीच्या दिवसांत सकाळी हे प्लास्टिक कडक झालेले असते. तेव्हा जोर लावू नये, गाडी थोडी उन्हात तापू द्यावी. तुटलेल्या खटक्याला नवे झाकण आणण्यावाचून उपाय नसतो.

झाकण निघाले की फिल्टरची कड दिसते. तो ओढण्याआधी दोन गोष्टी करते. मोबाइलने फोटो काढते, म्हणजे बाण कोणत्या दिशेला होता हे नंतर आठवत बसावे लागत नाही. आणि खाली सीटसमोर जुने वर्तमानपत्र पसरते. मग मास्क लावून फिल्टर अगदी आडवा, न कलवता, सावकाश बाहेर ओढायचा. वरच्या चुण्यांमध्ये साठलेला कचरा तिरका झाला की मागच्या मागे ब्लोअरमध्ये सांडतो, आणि नंतर ब्लोअर लावताच टकटक असा आवाज सुरू होतो.

जुना फिल्टर उजेडात धरून नीट पाहावा, कारण आपण कुठे फिरलो आणि कुठे गाडी लावली याची सगळी नोंद त्यात असते. आमच्या इमारतीच्या दारात सोनमोहर आहे. एप्रिल-मेमध्ये त्याच्या पिवळ्या पाकळ्यांचा सडा काचेच्या तळाशी साचतो, आणि त्या वाळून चुरा झाल्या की जाळीतून आत येतात. गुलमोहराची नखाएवढी पानेही चुण्यांच्या मधोमध ओळीने बसलेली असतात. डासांचे आणि पाकोळ्यांचे पंख, केस, कापसाचे तंतू, असे बरेच काही सापडते. कोकणात जाऊन आल्यानंतर पाहिला तर चुण्यांच्या टोकांवर तांबूस रेघा असतात. पुण्यातल्या बांधकामांची धूळ मात्र पिठासारखी राखाडी असते, आणि तिच्याखाली, कापडाच्या आत मुरलेला, बोटाने पुसूनही न जाणारा काळपट थर म्हणजे गाड्यांच्या धुरातली काजळी. आईला त्रास देणारी गोष्ट ती हीच. पाकळ्या आणि पाने घाण दिसतात, पण ती निरुपद्रवी असतात. काळा थर दिसला की फिल्टर किती किलोमीटर चालला याचा हिशेब न करता तो टाकून द्यावा.

रिकाम्या खाचेत टॉर्च मारून पाहावे. कडेला साचलेला कचरा व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीने ओढून घ्यावा आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने खाच पुसून कोरडी करावी. उंदराच्या लेंड्या किंवा कुरतडलेल्या कापडाचा पुंजका दिसला तर मात्र कोरडे झाडू नये आणि व्हॅक्यूमही लावू नये. पार्किंगमधल्या गाड्यांत उंदीर शिरणे आपल्याकडे नवे नाही, आणि फिल्टरचे मऊ कापड त्यांना घरट्यासाठी फार सोयीचे पडते. हातमोजे आणि मास्क घालून, जंतुनाशकाने भिजवून ते उचलावे, आणि घरट्याचा पसारा ब्लोअरपर्यंत गेला असेल तर मेकॅनिककडून ब्लोअर उतरवून साफ करून घ्यावा.

नवा फिल्टर बसवताना खरी काळजी घ्यायची ती बाणाची आणि कडांची. बाण दोन प्रकारचे असतात आणि ते एकच समजले की घोटाळा होतो. ‘एअर फ्लो’ असे लिहिलेला बाण हवा कोणीकडे वाहते ते दाखवतो. ‘अप’ असे लिहिलेला बाण फिल्टरची वरची बाजू दाखवतो. आमच्या गाडीत हवा वरून खाली जाते, म्हणून हवेचा बाण खाली असावा लागतो, आणि तो उलटा बसला तर हवा कमी येऊ शकते व आवाज होऊ शकतो असा इशारा ह्युंदाईच्या पुस्तकांतच दिलेला असतो. उलट्या फिल्टरमध्ये कार्बनचा थर आधी धुळीला सामोरा जातो, आणि धूळ अडवायचे ते कापड मागे राहते.

कडा हा माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. हवा नेहमी कमी विरोधाची वाट धरते. फिल्टर चौकटीपेक्षा जराही आखूड असेल, घुसवताना एक कोपरा दुमडला गेला असेल किंवा कडेची स्पंजाची पट्टी सुटली असेल, तर हवेचा बराच भाग त्या फटीतून फिल्टरला बगल देऊन जातो आणि मग फिल्टर साधा आहे की कार्बनचा या चर्चेला काही अर्थ उरत नाही. म्हणून नवा फिल्टर आत घालण्यापूर्वी जुन्यावर ठेवून लांबी, रुंदी आणि जाडी जुळते का ते पाहावे, तो सरळ रेषेत आत सरकवावा आणि शेवटी चारही कडांवरून बोट फिरवून पाहावे. नीट मापाचा साधा फिल्टर फटी ठेवून बसणाऱ्या भारी फिल्टरपेक्षा अधिक उपयोगी आहे, असे मी ठामपणे म्हणेन. मग झाकणाचा खटका वाजेपर्यंत दाबावे, दांडी जोडावी, अटकाव बसवावेत आणि ब्लोअर एकपासून चारपर्यंत लावून आवाज ऐकावा.

फिल्टर बदलूनही ओलसर, कुबट वास येत राहिला तर दोष बहुधा कूलिंग कॉइलचा असतो. एसी चालताना कॉइलवर पाणी सुटते, आणि पूर्वी फिल्टर फाटका असेल तर धूळ त्या पाण्यात मिसळून कॉइलवर चिखल बसलेला असतो. त्यासाठी एसीच्या कारागिराकडेच जावे. खाचेतून सुगंधी फवारे मारल्याने नवा फिल्टर खराब होण्यापलीकडे काही साधत नाही. वास पुन्हा येऊ नये म्हणून घर जवळ आले की दोन-तीन मिनिटे आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवावा, म्हणजे कॉइल वाळते.

किती दिवसांनी बदलावा, या प्रश्नाला गाड्यांच्या पुस्तकांत बहुधा १० ते २० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असे उत्तर असते, आणि धुळीच्या भागात लवकर, अशी पुस्तीही असते. आपली शहरे धुळीचा भाग आहेत असेच समजून चालावे. आपल्याकडच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २.५ ची, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केलेली मर्यादा १५ आहे. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर सरकत नाही, धूर आणि धूळ त्याच थरात कोंडून राहते, आणि पुण्या-मुंबईत हे आकडे चढतात. त्यामुळे मी किलोमीटरपेक्षा ऋतू पाहते. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी नवा फिल्टर घालते: पावसात ओल धरलेला जुना तेव्हा निघतो आणि हिवाळ्यातल्या वाईट हवेसाठी नवा, कोरडा फिल्टर हाताशी असतो. मेअखेरीस पुन्हा एकदा उघडून पाहते. त्या वेळी काचेच्या तळाशी जाळीपाशी साचलेला पालापाचोळाही काढून टाकावा, कारण पाणी वाहून जाण्याची भोके त्याने बुजली तर पावसाचे पाणी आत झिरपून फिल्टर भिजू शकतो.

पावसाळ्याआधीची ही तपासणी टाळू नये, याला सुरक्षेचेही कारण आहे. ताम्हिणीत किंवा वरंध घाटात धुक्यात-पावसात काचेवर आतून वाफ धरते, आणि ती घालवण्याचा उपाय म्हणजे एसी लावून काचेवर जोरात हवा सोडणे. फिल्टर चोंदलेला असेल तर ती हवा पोचतच नाही आणि वळणावर काच पुसत बसण्याची वेळ येते.

एरवी गर्दीत, ट्रकच्या मागे किंवा कात्रजच्या बोगद्यात मी आतली हवा आत फिरवण्याचे बटण दाबते. तीच हवा पुन्हा पुन्हा फिल्टरमधून गेल्याने गाडीतले कण भराभर कमी होतात. परंतु चौघे जण बसलेले असताना तेच बटण तासभर दाबून ठेवले तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचून डोके जड होते, चालवणाऱ्याला पेंग येते. रस्ता मोकळा झाला की बाहेरची हवा घेणे आवश्यक आहे.

काढलेला फिल्टर मी तिथल्या तिथे वर्तमानपत्रात गुंडाळते, पिशवीत घालून तोंड घट्ट बांधते आणि मगच कोरड्या कचऱ्यात देते. तो तसाच उघडा दिला तर वर्षभर आपल्या नाकापासून दूर ठेवलेली धूळ कचरा वेचणाऱ्या ताईंच्या तोंडावर उडते. नव्या फिल्टरच्या दिसणाऱ्या कडेवर, बसवण्याआधीच, मार्करने महिना, वर्ष आणि किलोमीटर लिहून ठेवते. सर्व्हिसिंगला गाडी गेली आणि तिथे फिल्टर बदलल्याचे बिल लागले, तर झाकण उघडून खात्री करता येते.